शंकरपाळी आणि काकपद

१९७६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन डेटाबेस सिस्टिम्स’ या नव्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्या अंकात पीटर चेन या तरुण प्राध्यापकाचा एक लेख होता. चेन मूळचे तैवानचे. १९७३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते त्या वेळी एमआयटीच्या व्यवस्थापनशास्त्राच्या शाळेत शिकवत होते. नोंदींची व्यवस्था संगणकात भरण्याआधी ती कागदावर कशी मांडावी, हा लेखाचा विषय. आदल्या वर्षी फ्रॅमिंगहॅम येथील एका परिषदेत त्यांनी तो थोडक्यात मांडला होता. लेखातील आकृत्यांचे मुख्य आकार तीनच होते : चौकट, रेघ आणि शंकरपाळी.

शंकरपाळी हा शब्द माझा. भूमितीत त्याला समभुज चौकोन म्हणतील, पण टोकावर उभ्या केलेल्या त्या आकाराला आपल्या घरांत याहून नेमके नाव नाही. चेन यांच्या पद्धतीत ज्यांच्याविषयी नोंद ठेवायची ते घटक चौकटीत लिहायचे. दोन घटकांमध्ये जे घडते ते शंकरपाळीत लिहायचे आणि रेघांनी दोन्ही जोडायचे. वाचनालयाचे उदाहरण घेऊ. एका चौकटीत ‘सभासद’, दुसरीत पुस्तकाची ‘प्रत’ आणि मधल्या शंकरपाळीत ‘नेतो’. एका सभासदाकडे एका वेळी अनेक प्रती असू शकतात, पण एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असते. म्हणून सभासदाच्या बाजूला १ आणि प्रतीच्या बाजूला अनेकत्वाचे अक्षर. संगणकाचा गंध नसलेला ग्रंथपालही ही आकृती पाहून हो किंवा नाही म्हणू शकतो.

या आकृतीला एंटिटी-रिलेशनशिप डायग्राम किंवा थोडक्यात ईआर आकृती म्हणतात. बँक, रेल्वे आरक्षण, रुग्णालय, विद्यापीठ असल्या कोणत्याही मोठ्या नोंदव्यवस्थेच्या मुळाशी अशी एखादी आकृती असते, किंवा असायला हवी. पण गेल्या पन्नास वर्षांत ती काढण्याच्या अनेक पद्धती निघाल्या आणि त्यांतली चेन यांची शंकरपाळी आज बहुतांशी वर्गखोलीत उरली आहे. कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच एका खुणेचे राज्य आहे. हा बदल कसा झाला याचा माग मी मुक्त सॉफ्टवेअरच्या चित्रकला-अवजारांतून घेतला. ही अवजारे फुकट मिळतात. शिवाय त्यांची आतली रचना कोणालाही उघडून पाहता येते, म्हणजे एका अर्थी ती चिन्हांची उघडी दप्तरेच आहेत. त्यांत हिंडल्यावर माझे मत असे झाले की या पद्धतींचा जय-पराजय विद्वानांच्या वादात ठरला नाही. अवजाराच्या कोणत्या खणात कोणते चिन्ह ठेवले, यावर तो ठरला. त्यात गमावले ते क्रियापद.

बाण उलटा झाला

चेन यांच्याआधीही अशा आकृत्या होत्या. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बॅकमन यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘आयडीएस’ ही नोंदव्यवस्था उभारली. तिचा आराखडा दाखवण्याची रीत त्यांनी १९६९ मधल्या एका लेखात मांडली : चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. बाण मालकाकडून सदस्याकडे, म्हणजे ‘एका’कडून ‘अनेकां’कडे जात असे. १९७३ मध्ये बॅकमन यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नावाड्याची उपमा दिली. नोंदीकडून नोंदीकडे वाट काढत जाणारा नावाडी असेल तर त्याच्या नकाशात बाण असणे स्वाभाविकच होते.

मात्र १९७० मध्ये एडगर कॉड यांनी वेगळाच विचार मांडला होता. त्यांच्या मते नोंदी तक्त्यांत ठेवाव्यात आणि वाट काढण्याचे काम यंत्रावर सोपवावे. वाटच नसेल तर बाणाला अर्थ काय? याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातील गॉर्डन एव्हरेस्ट यांनी १९७६ च्या एका परिषद-लेखात बाणाचे टोक उलटे केले. टोकदार बाजू चौकटीला न लावता तीन बोटे चौकटीकडे पसरलेली दाखवली. जिकडे बोटे पसरतात तिकडे ‘अनेक’. एव्हरेस्ट त्याला उलटा बाण म्हणत. पुढे लोकांनी त्याला ‘क्रोज फूट’, कावळ्याचा पाय, असे नाव दिले आणि तेच रुळले.

मराठी वाचकाला इथे काकपद आठवेल. जुन्या हस्तलिखितांत लिहिताना राहून गेलेले अक्षर दाखवण्यासाठी ओळीत जी खूण करीत, तिला काकपद म्हणत. या दोन खुणांचा इतिहासाने काही संबंध नाही. एकीचा जन्म पोथीत, दुसरीचा अमेरिकन विद्यापीठात. पण नाव सोयीचे आहे, म्हणून मी पुढे तेच वापरतो.

काकपदाला अर्थाची जोड मिळाली ती १९८० च्या दशकात. इंग्लंडमध्ये रिचर्ड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याभोवती एक शिस्तबद्ध पद्धत रचली. बार्कर पुढे ओरॅकल कंपनीत गेले आणि पद्धतही त्यांच्याबरोबर गेली. ऑस्ट्रेलियाचे क्लाइव्ह फिंकेलस्टाइन आणि मूळचे इंग्लंडचे जेम्स मार्टिन यांनी ‘इन्फर्मेशन इंजिनिअरिंग’ या नावाने दुसरी शाखा वाढवली. आज आपण जे काकपद पाहतो त्यात टोकाला तीन बोटे किंवा एक आडवा छेद असतो आणि त्याच्या आत आणखी एक छेद किंवा एक पोकळ वर्तुळ. बाहेरची खूण ‘जास्तीत जास्त किती’ सांगते, आतली ‘कमीत कमी किती’. पोकळ वर्तुळ म्हणजे शून्य. ते वर्तुळ असेल तर एकही पुस्तक न नेलेला सभासद वहीत राहू शकतो. नसेल तर त्याला सभासद म्हणून जागाच नाही. एवढ्याशा वर्तुळावर माणूस नोंदीत राहणे किंवा न राहणे ठरते.

व्याकरणाची आकृती

शंकरपाळीचे महत्त्व समजण्यासाठी चेन यांचाच १९८३ चा दुसरा लेख पाहायला हवा. साहित्याच्या वाचकाला तो पहिल्यापेक्षा जवळचा वाटेल. इंग्रजी वाक्याची रचना आणि ईआर आकृती यांची त्यात जोडी लावली आहे. सामान्य नाम म्हणजे चौकट. सकर्मक क्रियापद म्हणजे शंकरपाळी. विशेषण म्हणजे घटकाचा गुणधर्म. क्रियाविशेषण म्हणजे संबंधाचा गुणधर्म. आणि धातुसाधित नाम म्हणजे संबंधाचे झालेले घटकात रूपांतर.

मराठीत हे नियम सहज उतरतात. ‘सभासद प्रत नेतो’ या वाक्यात दोन नामे आणि एक क्रियापद. ‘कधी नेतो’ हा प्रश्न क्रियाविशेषणाचा आहे. त्यामुळे नेल्याची तारीख ना सभासदाची, ना प्रतीची. ती नेण्याची आहे आणि शंकरपाळीला टांगली पाहिजे. नवखा माणूस ती तारीख प्रतीच्या चौकटीत लिहितो आणि दुसऱ्या सभासदाने प्रत नेली की पहिली तारीख पुसली जाते. हीच चूक व्याकरणाच्या भाषेत सांगितली तर शाळकरी मुलालाही कळते : क्रियाविशेषण नामाला जोडले.

‘नेणे’ या क्रियेचीच नोंद ठेवायची झाली, तिला क्रमांक द्यायचा झाला, तर ती ‘देवघेव’ होते आणि चौकटीत बसते. चेन यांना हा प्रश्न सुरुवातीपासून दिसत होता. विवाह ही गोष्ट कोणी घटक मानील, कोणी संबंध मानील, हे त्यांनी १९७६ च्या लेखातच नमूद केले आहे. निर्णय नोंद ठेवणाऱ्याने करायचा. आकृतीचे काम तो निर्णय समोर आणण्याचे. चौकट काढू की शंकरपाळी, हे ठरवताना हात थांबतो आणि त्या थांबण्यातच विचार होतो. चिनी अक्षरांच्या घडणीशी आपल्या आकृत्यांचे काय नाते आहे, याचाही शोध चेन यांनी पुढे १९९७ च्या एका लेखात घेतला. चित्रांतून अर्थ जुळवणाऱ्या लिपीत वाढलेल्या माणसाला तो प्रश्न पडावा, हे ओघानेच आले.

शंकरपाळीच का, याबद्दल माझा एक तर्क आहे. त्या काळी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर फ्लोचार्ट काढण्यासाठी प्लॅस्टिकच्या स्टेन्सिल पट्ट्या असत. चौकट आणि शंकरपाळी हे दोन्ही आकार त्यांत तयारच कापलेले होते. फ्लोचार्टमध्ये शंकरपाळी ‘निर्णय’ दाखवते. चेन यांनी तिला वेगळा अर्थ दिला, पण ती काढायला कोणाला नवे अवजार घ्यावे लागले नाही.

एक खूण, दोन अर्थ

अनेक पद्धती एकाच वेळी वाढल्या की खुणा एकमेकींवर आदळतात. याची चार उदाहरणे देतो.

पहिले बाणाचे. बॅकमन यांचा बाण ‘अनेकां’कडे जातो. उलट सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि पवईच्या आयआयटीतील एस. सुदर्शन यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात बाणाचे टोक ‘एका’कडे असते. भारतातील असंख्य विद्यार्थी हे पुस्तक वाचून तयार झाले. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती जुनी बॅकमन आकृती दिली तर तो ती बरोबर उलटी वाचील.

दुसरे लंबवर्तुळाचे. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत, विशेषतः एल्मस्री आणि श्यामकांत नवाथे यांच्या १९८९ पासून जगभर शिकवल्या गेलेल्या पुस्तकात, लंबवर्तुळ म्हणजे गुणधर्म. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘मेरीझ’ ही पद्धत निघाली. तिच्यात लंबवर्तुळात संबंध लिहितात आणि तो बहुधा क्रियापदानेच. अमेरिकेत विशेषणाचे जे घर, ते फ्रान्समध्ये क्रियापदाचे.

तिसरे तुटक रेघेचे. बार्कर यांच्या पद्धतीत तुटक रेघ म्हणजे ‘असू शकेल, असेलच असे नाही’. अमेरिकन हवाई दलाच्या प्रकल्पातून निघालेल्या आणि १९९३ मध्ये तिथल्या सरकारने प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या ‘आयडीईएफ-वन-एक्स’ पद्धतीत तुटक रेघेचा अर्थ वेगळा आहे : या नोंदीची ओळख त्या नोंदीवर अवलंबून नाही. पहिली रेघ असण्या-नसण्याविषयी बोलते, दुसरी ओळखीविषयी. ते प्रमाण २००८ मध्ये मागे घेतले गेले, तरी खूण सॉफ्टवेअरमध्ये राहिली.

चौथे, आणि सर्वांत घातक, आकड्यांच्या जागेचे. एका सभासदाकडे किती प्रती, हे चेन यांच्या आकृतीत वाचायचे तर रेघेच्या पलीकडच्या टोकाला पाहावे लागते. मेरीझमध्ये सभासदाच्या जवळच ‘०, अनेक’ आणि प्रतीच्या जवळ ‘०, १’ लिहितात, म्हणजे जवळच्या टोकाला पाहायचे. आकडे तेच, पण बाजू बदललेल्या. पॅरिसमध्ये काढलेली आकृती बोस्टनमध्ये वाचली तर ती असे सांगेल की सभासदाला एकच प्रत मिळते आणि एक प्रत अनेक सभासद एकाच वेळी घरी नेतात. दोघांपैकी कोणीही चुकलेले नसेल.

अवजारांचे खण

वाचनालयाची तीच आकृती मी निरनिराळ्या मुक्त अवजारांत काढून पाहिली. त्यांपैकी जुन्या पिढीचे अवजार म्हणजे ‘दिया’. अलेक्झांडर लार्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने १९९८ मध्ये ते सुरू केले. दियामध्ये विषयवार आकारांचे संच आहेत. ईआर हा त्यांतला एक. त्यात घटक, संबंध, गुणधर्म असे सुटे आकार मिळतात. गुणधर्म किल्लीचा असेल तर नाव अधोरेखित करता येते, अनेक किमतींचा असेल तर लंबवर्तुळ दुहेरी होते, दुसऱ्या माहितीवरून काढलेला असेल तर तुटक होते. प्रत्येक घटकाचा सहभाग सक्तीचा असेल तर जोडरेघ दुहेरी. हा सगळा एल्मस्री-नवाथे यांच्या पाठ्यपुस्तकाच्या वळणाचा संसार आहे. तो फुकट आणि साध्या संगणकावर चालणारा, म्हणून विद्यार्थ्यांच्या गृहपाठाला सोयीचा.

काकपद मात्र दियाच्या त्या संचात नाही. ते बाणांच्या यादीत आहे. कोणतीही रेघ निवडावी आणि टोकाच्या पर्यायांत ‘एक किंवा अनेक’, ‘शून्य किंवा अनेक’, ‘नेमका एक’ यांपैकी हवे ते घ्यावे. हा मला या शोधातला सर्वांत बोलका पुरावा वाटला. शंकरपाळी ही स्वतंत्र वस्तू आहे. तिला नाव आहे, जागा आहे, तिला पकडून हलवता येते. काकपद हे रेघेचे टोक आहे. लिब्रेऑफिस ड्रॉमध्येही कावळ्याच्या पायाचे प्रकार रेषांच्या टोकांच्या यादीतच सापडतात. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या ग्राफविझमध्येही तसेच. तिथे शब्दांनी वर्णन लिहायचे आणि मांडणी यंत्राने करायची. त्यात ‘क्रो’, ‘टी’ आणि पोकळ ठिपका अशी टोके एकापुढे एक जोडून काकपदाचा हवा तो प्रकार तयार होतो.

दियाची शंकरपाळी नीट तपासली तर आणखी एक गोष्ट दिसते. तिच्या गुणधर्मांत आकडे लिहायला दोन जागा आहेत : डावी आणि उजवी. चेन यांच्या मूळ लेखात तीन घटकांना एकत्र जोडणारी शंकरपाळी होती : पुरवठादार, प्रकल्प आणि सुटा भाग. दियामध्ये तिसरी रेघ जोडता येते, पण तिसऱ्या आकड्याला घर नाही. तो वेगळा मजकूर म्हणून बाजूला टाकावा लागतो. शंकरपाळी जपणाऱ्या अवजारानेही ती दोघांतलीच मानली.

नंतरच्या अवजारांत चित्र मागे पडले आणि तक्ता पुढे आला. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये आकृती थेट तक्त्यांची असते आणि तिच्यावरून डेटाबेस तयार होतो. त्यात चिन्हपद्धती बदलण्याची सोय आहे. काकपद, आयडीईएफ-वन-एक्स, यूएमएल असे पर्याय मेन्यूतून निवडले की रेघांची टोके क्षणात बदलतात. चिन्हे ही एकाच गोष्टीची वेगवेगळी वस्त्रे आहेत, असे त्यातून वाटू लागते. पण त्याच वर्कबेंचमध्ये ‘अनेकांचा अनेकांशी’ असा संबंध ओढा. ते स्वतःहून मध्ये तिसरा तक्ता तयार करते आणि त्याला नाव देते : पहिल्या तक्त्याचे नाव, मग ‘हॅज’, मग दुसऱ्याचे नाव. लेखक-हॅज-पुस्तक. रुग्ण-हॅज-औषध. लेखकाने पुस्तक लिहिले, संपादित केले, की त्याच्यावर ते लिहिले गेले? रुग्णाला औषध दिले, की त्या औषधाची त्याला ॲलर्जी आहे? नाव बदलता येते. पण कामाच्या घाईत बरेच जण ते तसेच सोडतात. जगातल्या सगळ्या क्रियापदांच्या जागी एकच : ‘आहे’.

‘मर्मेड’मध्ये आकृती कळफलकावरच्या चिन्हांनी लिहितात. क्नुट स्वेडक्विस्ट यांनी ते २०१४ मध्ये सुरू केले आणि ईआर आकृत्या त्यात पुढे आल्या. दोन उभ्या रेघा म्हणजे ‘नेमका एक’. एक वाटोळे अक्षर आणि महिरपी कंस म्हणजे ‘शून्य किंवा अनेक’. काकपदाची पसरलेली बोटे आणि महिरपी कंसाचे टोक यांचे साम्य कोणाच्या तरी अचूक लक्षात आले. २०२२ मध्ये गिटहबने मर्मेडच्या आकृत्या थेट दाखवायला सुरुवात केली आणि काकपद जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या रोजच्या लिखाणात शिरले. मर्मेडच्या ईआर आकृतीत शंकरपाळी नाही. संबंधाचे नाव रेघेवर लिहितात आणि ते पहिल्या घटकाच्या बाजूने वाचतात. प्रत्येक संबंध दोघांतलाच.

अनुवादक कुठे हरवतो

शंकरपाळी गेली म्हणून कोणाचे काय बिघडले, हा प्रश्न रास्त आहे. साहित्याच्या क्षेत्रातलेच एक काल्पनिक उदाहरण देतो.

समजा, अनुवादित पुस्तकांची सूची करायची आहे. घटक तीन : मूळ पुस्तक, अनुवादक आणि प्रकाशक. आपण तिघांना दोन-दोनांच्या रेघांनी जोडले. कोणत्या अनुवादकाने कोणते पुस्तक अनुवादले, कोणत्या प्रकाशकाने कोणते पुस्तक काढले, कोणता अनुवादक कोणत्या प्रकाशकाकडे होता. आता एका पुस्तकाचे दोन अनुवाद झाले. पहिल्या अनुवादिकेचा अनुवाद ‘ख’ प्रकाशकाने काढला, दुसऱ्या अनुवादकाचा ‘क’ प्रकाशकाने. पहिल्या अनुवादिकेने ‘क’साठी वेगळेच एक पुस्तक केले होते. सूचीला विचारा : ‘क’ने काढलेला या पुस्तकाचा अनुवाद कोणाचा? अनुवादिकेने हे पुस्तक अनुवादले, हे खरे. ‘क’ने हे पुस्तक काढले, हेही खरे. ती ‘क’कडे होती, हेही खरे. तिन्ही नोंदी खऱ्या आणि त्यांवरून निघणारा निष्कर्ष खोटा. दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय तिच्या नावावर लागते आणि तो माणूस शंकेच्या फायद्यावर जगतो.

कॉड यांनी १९७० च्या लेखातच या सापळ्याला नाव देऊन सावध केले होते. जोडणीचा सापळा. चेन यांच्या पद्धतीत तीन रेघा एकाच शंकरपाळीत येतात, ‘अनुवादले’ या एका क्रियेत कर्ता, कर्म आणि प्रकाशक एकत्र बांधले जातात आणि सापळा टळतो.

काकपद-पद्धतीतही तो टाळता येतो, हे सांगितले पाहिजे. ‘अनुवाद’ नावाची चौथी चौकट काढायची आणि तिन्ही रेघा तिला जोडायच्या. पण हे सुचायला हवे. त्यासाठी क्रियापदाचे नाम करावे लागते आणि अवजार त्याची आठवण करून देत नाही. आपल्या सरकारी मराठीत ‘तपासले’च्या जागी ‘तपासणी करण्यात आली’ येते, त्याच जातीची ही क्रिया. नाम झाले की गोष्ट वहीत ठेवायला सोपी होते, मात्र कोणी, कुणासाठी, केव्हा हे पुन्हा मुद्दाम विचारावे लागते.

काकपदाच्या बाजूचे म्हणणेही जोरकस आहे. शंभर तक्त्यांची व्यवस्था शंकरपाळ्यांनी काढली तर भिंत पुरणार नाही. कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही एका नजरेत सांगण्याची काकपदाची ताकद चेन यांच्या मूळ पद्धतीत नव्हती. आणि बार्कर यांनी तर क्रियापद सोडलेच नव्हते. रेघेच्या दोन्ही टोकांना नाव लिहायचे आणि प्रत्येक रेघ दोन पूर्ण वाक्यांत म्हणून दाखवायची, असा त्यांचा नियम होता. प्रत्येक प्रत एकाच सभासदाने नेलेली असू शकेल. प्रत्येक सभासद एक किंवा अधिक प्रती नेणारा असू शकेल. म्हणजे काकपदाला क्रियापदाचे वावडे नव्हते. ते पुढच्या अवजारांच्या सोयीत गळले.

उघड्या दप्तराचा फायदा

मुक्त सॉफ्टवेअरची एक खोड अशी की त्यात काहीच पुरते मरत नाही. टेक्सच्या जगातल्या ‘टिक्झ’ या चित्र काढण्याच्या संचात शंकरपाळीसाठी स्वतंत्र ग्रंथालय आहे. संशोधक आपल्या प्रबंधांत ती अजून काढतात. ग्राफविझच्या नमुना-आकृत्यांमध्ये विद्यार्थी, अभ्यासक्रम आणि संस्था यांची चेन-पद्धतीची आकृती आहे. फ्रान्समध्ये मेरीझसाठी ‘मोकोडो’ नावाचे अवजार आहे. त्यात जवळच्या टोकाला पाहण्याची फ्रेंच रीत शाबूत आहे. प्लँट-यूएमएलमध्ये बरीच वर्षे काकपदच होते, अलीकडे त्यात चेन-पद्धतीचीही सोय झाली आहे. कोणाला तरी तिची उणीव भासली आणि त्याने ती भरून काढली. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा निर्णय कंपनीच्या बैठकीत होतो. इथे तो कोणीही करू शकतो. दियाचा नवा आकार म्हणजे साध्या मजकुराची एक छोटी फाईल असते. माझ्यासारख्या घरी बसून शिकलेल्या माणसालाही एका संध्याकाळी तीन टोकांची शंकरपाळी बनवता आली.

तरीही आकार परत आल्याने सवय परत येत नाही. म्हणून या शोधाअंती मला दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते : ही रेघ म्हणजे नदी, ही म्हणजे सडक. ईआर आकृत्यांना ती क्वचितच असते. आकृती कोणत्या पद्धतीची आहे, आकडे जवळचे वाचायचे की पलीकडचे, तुटक रेघेचा अर्थ काय, हे तीन ओळींत लिहिले तर पॅरिस-बोस्टनचा घोळ होणार नाही.

दुसरी गोष्ट अवजाराच्या बाहेरची. आकृती पुरी झाली की ज्यांच्या नोंदी त्यात ठेवायच्या आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याला शेजारी बसवावे आणि प्रत्येक रेघ मोठ्याने वाक्यात वाचावी, दोन्ही बाजूंनी. वाक्यात क्रियापद सापडले नाही, किंवा प्रत्येक वेळी ‘आहे’ एवढेच सापडले, तर ती रेघ पुसून पुन्हा विचार करावा. ग्रंथपाल म्हणेल, ‘अहो, प्रत नेतात तशी राखूनही ठेवतात, ते कुठंय?’ तेव्हा लिहायला जागा हवी. मग ती शंकरपाळी असो, काकपद असो की फ्रेंच लंबवर्तुळ.